चहा नको

जुनी गाडी घ्यायची ठरली की माणसं आधी नकोमामांकडे यायची आणि मग बँकेत जायची. बँक कधीमधी हो म्हणायची. मामा कधीच म्हणाले नाहीत.

तसे ते सख्खे मामा एका भाच्याचेच. पण भाचा पडला बोलघेवडा. त्याने ऑफिसात मामांच्या नजरेचे इतके गोडवे गायले की ते ऑफिसातल्या मित्रांचे मामा झाले, मग मित्रांच्या मेहुण्यांचे झाले, आणि पुढे ज्यांचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं अशांचेही झाले. 'नको' मात्र मामींनी जोडलं. त्या चारचौघांत म्हणायच्या, "ह्यांनी आयुष्यात एकदाच हो म्हटलंय, तेही मला. त्यानंतर जे सावध झालेत ते आजतागायत." सगळे हसायचे, मामाही हसायचे. तेव्हा ती थट्टाच होती.

मामांची उभी नोकरी कुकरच्या कारखान्यात गेली, तीही शेवटच्या टेबलावर. समोर कुकर आला की झाकण लावून बघायचं, काठावरून बोट फिरवायचं, उजेडात धरायचं आणि जरा शंका आली की लाल खडूने फुली मारून बाजूच्या पिंपात टाकायचा. पास केलेल्या कुकरबद्दल कोणी कधी त्यांची पाठ थोपटली नाही. पण त्यातला एखादा तक्रार घेऊन परत आला की साहेब केबिनमध्ये बोलावून सालटं काढायचा. फुली मारलेला कुकर मात्र कधी परत येत नसे. तो खरंच खराब होता की मामांनी उगाच फुली मारली, हे विचारायला कोण बसलंय? एवढी एक गोष्ट मामा तिथे पक्की शिकले आणि रिटायर होताना घरी घेऊन आले.

बघायची पद्धत त्यांची चांगली होती, उगाच माणसाला नावं कशाला ठेवायची. गाडी ओली नको, कारण ओल्या पत्र्यावर पोचे दिसत नाहीत. इंजिन आधी सुरू करून ठेवलेलं नको, कारण गार इंजिनच खरं बोलतं. फ्रिजच्या दारावरचं मामींचं बदकाचं चुंबक ते रुमालात गुंडाळून खिशात घालायचे आणि गाडीच्या अंगावरून फिरवायचे. जिथे पोचा पुट्टीने भरलेला असेल तिथे ते चिकटत नाही. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघायचे. पुरात बुडालेल्या गाडीला वरून कितीही चकाकी आणली तरी बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते.

विकणाऱ्याच्या तोंडावर मामा दोष काढत नसत. त्यासाठी एक खूण ठरलेली होती. सगळं बघून झालं की विकणारा चहा विचारतोच. मामांनी चहा घेतला तर गाडी घ्यायची. "चहा नको" म्हणाले तर आपण घड्याळाकडे बघायचं आणि निघायचं. कारण विचारायचं नाही, निदान फाटकाबाहेर पडेपर्यंत तरी. खूण झकास होती. फक्त अशा ठिकाणी मामांना चहा पिताना कोणी पाहिलं नव्हतं.

मामांमुळे कोण कोण फसता फसता वाचलं ते भाचा रंगवून सांगायचा. चांगली गाडी कोणाच्या हातची गेली ते सांगणारं कोणीच नव्हतं. आणि स्वतः मामांकडे काय, तर नुसतं लायसन्स. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

मामींचे गुडघे गेले आणि ही सगळी थट्टा संपली. जिना त्या कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायच्या. बसची पायरी म्हणजे डोंगर झाला. एकदा भाड्याच्या बुटक्या गाडीत बसल्या, तर बाहेर काढायला दोन माणसं लागली आणि रस्त्यावरचे लोक थांबून बघत राहिले. त्या दिवशी घरी येऊन मामी रडल्या. मोठ्या गाड्यांचं पायदान गुडघ्याच्याही वर. म्हणजे एकीतून उठवत नाही आणि दुसरीत चढवत नाही.

आणि मामींना तर जायचं होतं. दिवसभराच्या वाटेवर, दुसऱ्या शहरात, त्यांची ताई अंथरुणाला खिळली होती. आई लवकर गेली तेव्हा ह्याच ताईने धाकटीच्या वेण्या घातल्या होत्या, सायकलचं सीट मागून धरून तिच्याबरोबर धावली होती. आता तिचा एक हात आणि अर्धं तोंड लुळं पडलं होतं. रोज संध्याकाळी फोन यायचा. सून फोन कानाशी धरायची आणि ताई अडखळत एवढंच विचारायची, "कधी येतेस?"

"येते गं ताई. गाडी बघतोय आम्ही."

पैशांचा प्रश्न नव्हता, ते बाजूला काढून ठेवलेले होते. मामाच म्हणाले होते, "भाड्याच्या गाड्यांचं काय खरं नाही. आपलीच घेऊ, म्हणजे दर महिन्याला नेऊन आणतो तुला." हेही ते मनापासून म्हणाले होते. त्यांना बायकोची काळजी नव्हती असं कोणी समजू नये. काळजीच होती, आणि तीच नडली.

एक दिवस भाचा उड्या मारत आला. "मामा, मिळाली! दातांचे डॉक्टर आहेत, दवाखाना आवरून मुलीकडे राहायला चाललेत. पहिल्यापासून त्यांच्याच हातची. क्रॉसओव्हर आहे."

"म्हणजे काय रे?" मामींनी विचारलं.

"धड कार नाही, धड जीप नाही, मधलीच. सीट बरोबर कमरेएवढं. मामी, तुम्ही नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे."

"बंद झालेलं मॉडेल ते," मामा पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"बंद? म्हणजे चालत नाही?"

"चालते हो मामी! कंपनीने नवीन काढायची बंद केली, एवढंच. लोकांना कळेचना, ही कार म्हणून घ्यायची की जीप म्हणून. म्हणून तर स्वस्तात मिळतेय."

"एवढंच ना?" मामी म्हणाल्या. "ह्यांनाही कंपनीने बंदच केलंय. घरात चालतातच की!"

भाचा पोट धरून हसला. मामा हसले नाहीत, पण पेपर बाजूला ठेवला आणि फ्रिजवरचं बदक काढून खिशात टाकलं.

वाट जवळची होती म्हणून मामींना भाच्याच्या छोट्या गाडीत कसंबसं बसवून नेलं. डॉक्टरांच्या फाटकात उतरताना त्यांना भाच्याच्या गळ्यात हात टाकावे लागले. समोर ती उभी होती. गडद हिरवी, रुंद, कोरडी ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही येणार म्हणून मुद्दाम धुतली नाही. सुरूही केलेली नाही." मामांची कीर्ती तिथवर पोचली होती.

मामांनी बाह्या सरसावल्या. बदक चारही दारांवरून फिरलं आणि सगळीकडे चिकटलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ. डिक्कीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात घातला, हाताला ना ओल लागली ना गंज. तेलाचं झाकण उघडून वास घेतला. सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून बघितलं. चारही टायर सारखे झिजलेले. मग समोरच्या मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पार वळवून गाडी गोल गोल फिरवली, काच खाली घेऊन कान बाहेर काढला. टक नाही, खट नाही.

दोष सापडला की मामांच्या चेहऱ्यावर एक समाधान यायचं. आज ते यायला तयार नव्हतं. गाडी इतकी धड होती की त्यांना तिचा राग यायला लागला. आणि खरं सांगायचं तर भीती वाटायला लागली. आजवरच्या गाड्या लोकांच्या होत्या. हिला हो म्हटलं आणि वाटेत काही झालं, तर शेजारच्या सीटवर मामी असणार होत्या.

गाडी परत फाटकात आली तेव्हा मामी पुढे झाल्या. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी दार उघडलं, सीटला टेकल्या आणि एक पाय आत घेतला, मग दुसरा. झालं! बसल्या की! कोणाचा हात नाही, आई गं नाही, काही नाही. त्यांनी समोरच्या डॅशबोर्डवर तळहात ठेवला. मग भाच्याकडे बघून म्हणाल्या, "अरे, इथून तर सगळा रस्ता दिसतो." मोठ्या माणसाला इतका आनंद झालेला बघवत नाही कधी कधी. भाच्याने तोंड फिरवलं आणि उगाच टायरला पाय लावून बघितला.

तेवढ्यात डॉक्टरांच्या बायको ट्रे घेऊन आल्या. "घ्या ना चहा. उन्हात किती वेळ उभे आहात."

सगळे मामांकडे बघायला लागले. भाचा बघत होता. मामी सीटवरून बघत होत्या, आणि त्यांना खूण पक्की माहीत होती. मामांच्या मनात काय होतं? गाडी चांगली आहे, हेच होतं. कप घ्यायचा, हेही होतं. हात अर्धा पुढे झालासुद्धा. आणि इतक्या वर्षांची सवय लागलेलं तोंड म्हणालं, "नको."

उचलली जीभ लावली टाळ्याला! त्याच क्षणी "अहो, द्या द्या, गंमत केली" म्हणून कप उचलला असता तर काय बिघडलं असतं? पण भाच्याने लगेच घड्याळाकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं कौतुक उमटलं. ह्या माणसाला काहीतरी दिसलं, जे आपल्या डोळ्यांना दिसलं नाही! त्या कौतुकासमोर मामांना शब्द परत घेता आला नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खाली उतरायची लाज वाटते, ती अशी.

मामी खाली उतरल्या, कोणाचाही हात न धरता. ट्रेमधला एक कप त्यांनी उचलला आणि तिथेच उभं राहून सगळा चहा प्यायल्या, अगदी शेवटच्या घोटापर्यंत. कप परत ठेवून डॉक्टरांच्या बायकोला म्हणाल्या, "फार छान झाला होता." त्यांच्या बाजूने एवढं बोलणं पुरेसं होतं, पण त्यांचा चहा कोणी मोजत नव्हतं.

परतीच्या वाटेवर भाच्याने विचारलं, "मामा, काय दिसलं हो?"

मामांनी खिडकीबाहेर बघत उत्तर जुळवलं. "बंद मॉडेल. उद्या एखादी काच फुटली, तर आणणार कुठून? सांगाडा होऊन दारात उभी राहील."

"खरंच की!" भाचा म्हणाला. "माझ्या डोक्यातच आलं नाही."

घरी आल्यावर मामींनी चुंबक परत फ्रिजवर लावलं आणि वळून विचारलं, "खरं सांगा. काय खोट होती तिच्यात?"

"तुला नाही कळायचं ते."

"मला एवढंच कळतं की मी तिच्यात बसले आणि उतरले."

"अगं, दुसरी बघू. चालू मॉडेल बघू. घाई कशाला?"

मामींनी ओट्यावरचं आवरलं आणि संध्याकाळी फोन आला तेव्हा ताईला सांगितलं, "बघतोय गं. मिळेल." मामांनी ते ऐकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

ती गाडी खाली औषधांचं दुकान चालवणाऱ्या शेजाऱ्याने घेतली. भाच्याने दुकानात बोलता बोलता विषय काढला होता, एवढंच निमित्त. औषधवाल्याला गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. बॉनेटचा खटका कुठे असतो हेही त्याला कोणीतरी नंतर दाखवलं. "रंग आवडला बुवा," तो म्हणाला, "आणि डॉक्टरांच्या घरचा चहा मस्त होता." गाडी तो रोज मामांच्या खिडकीखालीच लावायचा.

मामा मग खिडकीला चिकटले. सकाळी औषधवाला चावी फिरवायचा आणि मामा वर कान टवकारून बसायचे. गाडी पहिल्या झटक्याला सुरू व्हायची. पावसाळा गेला, थंडी आली, तरी पहिल्याच झटक्याला. ती एकदा तरी बंद पडावी, टोचन लावून न्यावी लागावी, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. बायकोला बहिणीकडे न्यायचं बाजूलाच राहिलं आणि हा माणूस दुसऱ्याच्या गाडीवर टपून बसला. लाज वाटायला हवी होती. वाटतही होती, पण पडलो तरी नाक वर.

मधल्या काळात आणखी गाड्या बघितल्या. एक बुटकी होती, एक उंच होती, एकीच्या दारात पुट्टी निघाली. मामी नंतर नंतर बरोबर येईनाशा झाल्या.

औषधवाला भला माणूस. एकदा गोळ्या द्यायला वर आला तेव्हा म्हणाला, "मामी, तुमच्या ताईंकडे जायचंय ना? एखाद्या रविवारी मी नेतो. गाडी नुसती उभीच असते."

मामींचा चेहरा खुलला. त्यांनी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "नको नको, तुम्हाला कशाला त्रास?"

तो गेल्यावर मामी म्हणाल्या, "त्रास त्याला होणार होता. तुमचं काय जात होतं?"

"लोकांच्या गाडीत जायचं? आणि वाटेत बंद पडली म्हणजे?"

"ती बंद पडत नाही म्हणूनच तुमच्या पोटात दुखतंय," मामी म्हणाल्या. मामांनी पेपर उघडला. त्यानंतर मामींनी गाडीचा विषय घरात काढला नाही.

ताईचे फोन कमी झाले. बोलणं कळेनासं झालं होतं. सून म्हणायची, "तुमचा आवाज ऐकला की डोळे उघडतात." मग एका सकाळी सुनेचा फोन आला. "मावशी, आता या. आता थांबू नका."

मामींनी फोन ठेवला. मामांना काही विचारलं नाही, सांगितलंही नाही. पर्स घेतली, कठडा धरला आणि एकट्या जिना उतरल्या. मामा चपला शोधून खाली येईपर्यंत औषधवाला दुकानाचं शटर ओढत होता आणि मामी हिरव्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेल्या होत्या. मामा गुपचूप मागे बसले. शेजारी औषधांची खोकी होती.

वाटभर गाडी सुरळीत चालली. मामा मागे बसून कान लावून होते, सवयच ती. घाटात चढली, खड्ड्यांतून गेली, ट्रकच्या मागे रखडली. कुठे म्हणून आवाज नाही. एकदा पुढचं काहीतरी कुरकुरलं तसा त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला. बघितलं, तर मामींच्या पर्सचा पट्टा होता. आपल्याला बरं वाटलं हे कळल्यावर मात्र मामांना स्वतःची किळस आली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. ताई दुपारीच गेली होती, हे वाटेवर असताना. सुनेने मामींना उतरवायला हात पुढे केला, पण तो लागला नाही. मामी आपल्या आपण उतरल्या, आत गेल्या आणि ताईच्या उशाशी बसल्या. ताईचे विस्कटलेले केस त्यांनी बोटांनी नीट केले. रडणं नंतर आलं.

सून डोळे पुसत म्हणाली, "मावशी, शब्द धड फुटत नव्हता त्यांना. पण परवापर्यंत तेच विचारत होत्या. धाकटीला गाडी मिळाली का?"

मामा दाराशीच उभे होते. मामींनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं, चिडल्या असत्या, चारचौघांत चार शब्द सुनावले असते, तर मामांना बरं वाटलं असतं. साहेबाची बोलणी खाऊन माणूस केबिनबाहेर तरी येतो.

दुसऱ्या दिवशी परत निघाले. अर्ध्या वाटेवर औषधवाल्याने एका टपरीपाशी गाडी थांबवली. मामा उतरले. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोसाठी स्वतः काही आणलं नव्हतं असं नाही, पण आज ते फार जपून चालत होते. दोन्ही हातांनी कप धरून आले, थोडा चहा बोटांवर सांडला, भाजलं, तरी कप सोडला नाही. पुढच्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले. "ती गाडी चांगली होती. ही. हिच्यात काही नव्हतं. मी उगाच..." त्यांनी कप खिडकीतून पुढे केला. "घे. गरम आहे."

मामींनी कपाकडे बघितलं. मग मामांकडे बघितलं, केसांपासून चपलांपर्यंत. घाई न करता, उजेडात धरून बघावं तसं.

"नको," त्या म्हणाल्या.

मामा थांबून राहिले. पण खूण त्यांचीच होती, कारण विचारायचं नाही हेही त्यांनीच ठरवलं होतं. मामींनी काच वर घेतली. औषधवाला येऊन बसला, मामा हातातला चहा तसाच घेऊन मागे खोक्यांजवळ बसले, आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली.